वळणाची खाडी कुणी सोडायची

मंजुळा भित्री होती, हे खाजणपाड्यात कुणापासून लपलेलं नव्हतं. वीज कडाडली की ती पोरांना पोटाशी धरून चुलीच्या कोपऱ्यात बसायची. खाकी कपड्यातला पोस्टमन गल्लीत वळला तरी ती दाराआड व्हायची. कोळ्याच्या घरात जन्मलेली आणि कोळ्याच्याच घरात दिलेली बाई, पण होडीत पाय टाकताना दोन्ही हातांनी कुणाचा तरी खांदा धरायची. तिची आई सांगायची, ही पोटात असतानाच हिचा बापूस खाडीत गेला, म्हणून पोर भीती बरोबर घेऊनच आली. बायका हसायच्या, मंजुळाही हसायची. बाजारात मात्र धरायला कुणाचा खांदा नव्हता. कोपरीच्या बाजूला, स्टेशनाबाहेर, ती कोळंबी आणि चिंबोऱ्या घेऊन बसायची, कुणाशी बोलण्यात हरायची नाही, आणि घरी आल्यावर दिवसभरात कोण कोण आवाज चढवून बोललं ते आठवून नव्यानं घाबरायची.

खाजणपाडा म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठची नव्वद उंबऱ्यांची वस्ती. मंजुळा लग्न होऊन आली तेव्हा नव्वदच्या नव्वद घरं खाडीवर जगायची. पुढं वरच्या अंगाला कारखाने झाले, पाण्याला रंग आला, वास आला, आणि एका उन्हाळ्यात बोई माशांचे थवेच्या थवे पोट वर करून काठाला लागले. त्यानंतर एकेक होडी काठावर पालथी पडत गेली. कुणी वागळे इस्टेटीत लागला, कुणी कचेरीत शिपाई झाला. जिवंत मासळी उरली ती एका वळणापुरती. तिथं भरतीचं पाणी जोरात फिरून खाडी धुऊन काढायचं. त्या वळणावर अकरा घरांचे खुंट होते. खुंट म्हणजे चिखलात खोल ठोकलेले खांब. त्यांना पिशवीसारखं लांब जाळं बांधलं की ओहोटीचं पाणी मासळी आणून आत सोडायचं. त्या अकरांतलं एक घर मंजुळाच्या नवऱ्याचं, दामाजीचं. त्याचे खुंट त्याच्या बापानं ठोकलेले. दामाजी कमी बोलणारा माणूस. खाडीबद्दल विचारलं तरच दोन वाक्यं जास्त बोलायचा.

पण पलीकडच्या काठावर सुरईपाडा होता, आणि सुरईपाड्याचं म्हणणं होतं की वळण आमचं. त्यांचे म्हातारे एक सांगायचे, इकडचे म्हातारे दुसरं. कागद दोघांकडंही नव्हता. सगळीकडं मासळी होती तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं. दोन्ही गावं एकमेकांना मुली द्यायची, नारळी पुनवेला एकमेकांच्या होड्या सजवायची. मंजुळानं आपली थोरली मुलगी मालू तिथंच दिली होती. आता त्याच वळणावर जाळी कापली जाऊ लागली. खाजणपाड्यानं वळणाच्या तोंडाशी मचाण बांधलं आणि पाळीपाळीनं तिघातिघांनी पहारा करायचं ठरवलं. दामाजीची पाळी असली की तो परत येईपर्यंत मंजुळा काठावरच्या बांधावर उभी असायची.

अठ्ठ्याऐंशी सालच्या होळीत वल्ह्यांनी मारामारी झाली. सुरईपाड्याच्या दगडूचा डोळा गेला. हा दगडू म्हणजे मालूचा चुलत दीर, एकाच घरात राहणारा. पोलिसांनी खाजणपाड्यातल्या पाच पोरांची नावं घेतली. त्यात मंजुळाचा मुलगा राघो होता. राघो तेवीस वर्षांचा, एका वर्कशॉपमध्ये टर्नर. जामिनावर सुटून आला तेव्हा त्यानं आईला सांगितलं की वल्हं त्याच्या हातात होतं, पण दगडूला लागलं ते त्याचं नव्हे. मंजुळा म्हणाली, माझा विश्वास आहे. तो घरात असला की तिचा विश्वास असायचा. तो कामावर गेला की ती कोपऱ्यात उभ्या केलेल्या वल्ह्याकडं बघायची आणि मग दुसरीकडं बघायची.

पाड्याचे पाच पंच होते, त्यांतले मोठे गुणाजी पाटील. सत्तरी उलटलेले, तरुणपणी वळणावर सगळ्यात लांब जाळं टाकणारे. श्रावणात ते आणि आणखी दोघं कुणाला न सांगता शीळफाट्याला गेले. तिथल्या एका हॉटेलात सुरईपाड्याचे तिघं आले होते. फाट्यावर ट्रकवाल्यांच्या गर्दीत दोन्ही गावांना ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून ती जागा. चहाचे चार-पाच फेरे झाले आणि बोलणं जमलं. खाजणपाड्यानं मचाण मोडायचं, खुंट उपटायचे, वळण सोडून खालच्या अंगाला यायचं. सुरईपाड्यानं खालच्या खाडीत कधी यायचं नाही आणि दगडूच्या केसमध्ये कुणाला ओळखलं नाही असं सांगायचं.

गोष्ट आठवड्यात फुटली. पाड्यात गोविंदा नावाचा एक जण होता, बँकेत कारकून, पाड्यातला पहिला बी.ए. तो शांत स्वभावाचा, पण हे ऐकून त्याला राहवेना. त्यानं गावदेवीच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. वळण सोडावं की ठेवावं हा नंतरचा प्रश्न, असं तो म्हणाला. पहिला प्रश्न असा, की तीन माणसं हॉटेलात बसून गावाचं पाणी देऊन येतात ती कुणाच्या अधिकारात. सगळ्यांना विचारा. एकवीस पुरी झालेल्या प्रत्येकाला, बायांनाही. गुप्त मत घ्या.

गुणाजी पाटील बसूनच बोलले.

"विचारा. पण एक ऐका. पंचांनी ठरवलं तर तुमी पाच म्हाताऱ्यांना शिव्या द्याल, आमी खाऊ, मरून जाऊ, शिव्या संपतील. मत घेतलंत तर उद्या भाऊ भावाला विचारील, तू काय टाकलंस. सुनेला सासू विचारील. ते संपायचं नाय."

गोविंदा म्हणाला, "काका, तुमी गेल्यावर त्या वळणावर आमालाच तोंड द्यायचंय. ज्यांना भोगायचं त्यांना विचारायचं नाय, हे कसं?"

दोघांचंही मंजुळाला खरं वाटलं, आणि त्यामुळं ती जास्तच घाबरली. तिला वाटलं होतं एक कुणीतरी चुकीचा असेल.

मग मत कुणाचं, यावरच तास गेला. अकरा घरांतले म्हणाले, खुंट आमचे, तर मतही आमचंच. दामाजी कधी सभेत बोलायचा नाही. त्या दिवशी तो उठून म्हणाला, "खुंट माझा आणि मत नव्वद घरांचं, हा कुठला न्याय?" मागून कुणीतरी उत्तर दिलं की खुंट तुझा, पण दगड येतील ते नव्वद घरांवर येतील. दामाजी खाली बसला. शेवटी ठरलं ते गोविंदाचं. अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार. देवळाच्या आतल्या खोलीत तोंड बांधलेलं मडकं ठेवायचं, त्याच्या फडक्याला हात जाईल एवढी फट. प्रत्येकाला एक शिंपली आणि एक चिंचोका द्यायचा. शिंपली म्हणजे वळण ठेवायचं, चिंचोका म्हणजे सोडायचं. एक मडक्यात, उरलेलं बाजूच्या पोत्यात. लग्न होऊन गेलेल्या मुलींना मत नाही. मंजुळाच्या मनात आलं, माझी मालू तर दोन्हीकडं नाही. आणि जे काही होईल ते आधी तिच्यावर येईल.

मालूला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून तिला आणायचं होतं. होडीनं जाणं बंदच झालं होतं. कळव्याच्या पुलावरून वळसा घालून जायचं तर सुरईपाड्याच्या वेशीवर पोरं बसलेली असायची. मंजुळा रोज म्हणायची उद्या जाते, आणि रोज तिचे पाय उचलायचे नाहीत.

ते पंधरा दिवस वाईट गेले. सोडायचं म्हणणाऱ्या एका घराच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं. गुणाजी पाटलांच्या पालथ्या होडीच्या तळाला छिन्नीनं भोक पाडलेलं सापडलं. दुसऱ्या बाजूचंही होतं. ठेवायचं म्हणणाऱ्या एकाच्या बायकोला नळावर बायांनी वाट दिली नाही. विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या नवऱ्यापायी आमच्या पोरांची डोकी फुटायची. शेजारच्या दोन जावांनी मधल्या दाराला कडी घातली. संध्याकाळी पोरं घराघरातून फिरायची, आत्या, काकी करत गोड बोलायची, आणि निघताना उंबऱ्यात थांबून विचारायची की मग पक्कं ना. मंजुळा सगळ्यांना हो म्हणायची. सोडायचंवाले आले तरी हो, ठेवायचंवाले आले तरी हो. मग दार लावून पाठ टेकून उभी राहायची. गोविंदा सांगत फिरत होता की मत गुप्त आहे, कुणाला कळणार नाही. मंजुळाला ते पटत नव्हतं. नव्वद घरांच्या पाड्यात कुणाच्या घरी काय शिजलं हे वासावरून कळतं, तिथं मत काय लपणार?

त्यातच एका सकाळी बाजारात तिच्या पाटीसमोर सरस्वती येऊन उभी राहिली. सरस्वती म्हणजे मालूची सासू. सहा महिन्यांत दोघी विहिणी भेटल्या नव्हत्या. सरस्वतीनं आधी आजूबाजूला बघितलं, मग गिऱ्हाइकासारखी उकिडवी बसली आणि कोळंबी चाचपत खालच्या आवाजात बोलली.

"विहीणबाय, पोरीला न्यायला येऊ नका. मत होईपर्यंत तरी नको."

मंजुळाच्या हातातला कोयता थांबला. तिनं विचारलं, पोरगी बरी आहे ना.

"बरी हाय. मी तिला बाहेर सोडत नाय. पण आमच्याकडची पोरं बोलतात, तुमचं मत ठेवायचं आलं तर त्याच दिवशी मचाण पेटवू, माणसं असली तरी. आणि दगडूची आई रोज आमच्या दारात बसून मालूकडं बघते. बोलत काय नाय. नुसती बघते." "मना तुमची भीती नाय वाटत, विहीणबाय. मना माझ्याच घरची वाटते."

तिनं मूठभर कोळंबी घेतली, मंजुळानं पैसे घेतले नाहीत, आणि ती गर्दीत गेली. तोवर मंजुळाला वाटत होतं की खाडीपलीकडं फक्त राग आहे. तिकडंही आपल्यासारख्याच बाया दाराला पाठ लावून उभ्या आहेत, हे कळल्यावर तिला धीर यायला हवा होता. तो आला नाही. उलट, सांभाळणारं तिकडंही कुणी नाही हे कळलं.

मताच्या दोन दिवस आधी, दुपारी, ती घरामागच्या पालथ्या होडीखाली जुनं जाळं काढायला वाकली. हाताला गोणपाट लागलं. ओढलं तर काचेचा किणकिण आवाज आला. आत विजेचे जुने बल्ब होते, पंचवीस-तीस. मागची पितळी टोपी काढून आत काहीतरी भरलेलं, तोंडाला मेण. एकाचं मेण नीट बसलं नव्हतं. तिच्या पदराला ओल लागली. तिनं पदर झटकला आणि बघता बघता तिथं बोटभर भोक पडलं, कडा पिवळ्या झाल्या. नाकात झोंबरा वास गेला. वर्कशॉपमधून आलेल्या राघोच्या कपड्यांना कधीकधी तोच वास असायचा.

ती तिथंच चिखलात बसली. बल्ब, त्यातलं आसिड, आणि पलीकडच्या काठावर सात महिन्यांची पोटुशी मालू, एवढंच तिला दिसत होतं. राघो कामावरून आला, जेवायला बसला, तिनं त्याला भाकरी वाढली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला याला विचारायची हिंमत होत नाही. आयुष्यात तिला पुष्कळ गोष्टींची भीती वाटली होती. पोटच्या पोराची पहिल्यांदा वाटली.

तो बाहेर गेल्यावर तिनं दामाजीला सांगितलं. दामाजी म्हणाला, उद्या ओहोटीला मी ते खाडीत बुडवतो.

"ती पोरं दुसरे आणतील," मंजुळा म्हणाली.

दामाजीनं पोतं होतं तिथंच राहू दिलं.

रविवारी सकाळी देवळाचं अंगण भरलं. एका बाजूला पंच आणि सोडायचंवाले, दुसऱ्या बाजूला ठेवायचंवाले. राघो आणि त्याच्याबरोबरची ठेवायचंवाली पोरं पिंपळाच्या पारावर उभी. बाया मागं. गोविंदानं मताची रीत पुन्हा समजावून सांगितली, मडकं उलटं करून रिकामं असल्याचं दाखवलं, आणि कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारलं. ते विचारायचं म्हणून विचारलं होतं. तो वळलाही.

मंजुळा उठून उभी राहिली. आपण उठलो हे तिला उठल्यावर कळलं. तिनं शेजारणीच्या डोक्यावर हात टेकला.

"मना एक विचारायचं हाय," ती म्हणाली. "मत हरलं तर?"

गोविंदा म्हणाला, ज्यांचं मत हरेल त्यांनी जिंकलेल्यांचं ऐकायचं.

"ऐकतील कशावरून?"

गोविंदा समजावू लागला की देशातही असंच असतं, निवडणूक होते, हरलेला घरी जातो. मंजुळानं त्याला मध्येच थांबवलं. हेही तिनं जन्मात कधी केलं नव्हतं.

"देशाचं मना ठावं नाय, बाबा. माझ्या होडीखाली बल्ब हायेत, आत आसिड भरलंय. मत सोडायचं आलं तर त्या बल्बांचं काय करायचं ठरलंय, ते आधी सांगा. मग मी आत जाते."

ती पाराकडं बघत नव्हती, तरी राघोची नजर तिला मानेवर जाणवत होती. आता आपण थांबलो तर परत बोलता येणार नाही, हे तिला कळत होतं. ती पंचांकडं वळली.

"आणि काका, तुमचं मत हरलं तर? वळण ठेवायचं ठरलं, तर उद्यापासून मचाणावर कोण बसणार? तुमचा नातू बसेल? का तवाही माझाच नवरा?"

मग ती खाली बसली.

आधी गुणाजी पाटील उठले. देवीपुढचा नारळ त्यांनी अंगणात आणून पाटावर ठेवला, त्यावर हात ठेवला आणि एकवीरा आईची शपथ घेतली, की वळण ठेवायचं ठरलं तर पहिल्या पाळीला माझा नातू जाईल आणि दुसऱ्या पाळीला मी. त्यांच्या मागून त्यांच्या बाजूचे एकेक जण आले. कुणी पटकन हात ठेवून गेला, कुणी रेंगाळला. दोघं तर गर्दीतून निघूनच चालले होते, त्यांना बायांनी परत आणलं. मग गोविंदा आला. तो ठेवायचंवाला होता. त्यानं शपथ घेतली की सोडायचं ठरलं तर खुंट उपटायला मी स्वतः चिखलात उतरेन. पारावरची पोरं मात्र तशीच उभी होती. सगळे राघोकडं बघत होते. शेवटी दामाजी गेला. त्यानं नारळावर हात ठेवला आणि काढलाच नाही. तसाच वाकून उभा राहिला, पोराकडं न बघता. खाडीवर ओहोटी लागेपर्यंत हा माणूस असाच उभा राहील, असं वाटू लागलं. राघो पारावरून उतरला, बापाच्या हाताशेजारी त्यानं हात टेकला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि बल्बांचं पोतं आणायला गेला. ते पोतं मिठागराच्या कडेला नेऊन चुन्यात पुरलं, तोपर्यंत मत सुरू केलं नाही.

मंजुळाची पाळी दुपारी आली. खोलीत अंधार होता, मडकं होतं आणि ती होती. उजव्या मुठीत शिंपली, डाव्या मुठीत चिंचोका. चिंचोका टाकायचं तिचं कधीच ठरलं होतं. दुसरं काही टाकायचं कारणच नव्हतं. मालू तिकडं, राघोवर केस, नवरा मचाणावर. पण फटीशी हात गेला आणि तिला दामाजीचं ते वाकून उभं राहणं आठवलं. अंगणात त्याला कुणी विचारलं नव्हतं की तुझे खुंट गेल्यावर तू काय करशील. अकरा घरांचं पोट कोण भरणार, हे त्या सबंध पंधरा दिवसांत कुणी, अगदी तिनंही, विचारलं नव्हतं. एक तरी मत त्याच्या खुंटाला पडावं असं तिच्या मनात आलं, आणि शिंपली फटीतून आत गेली. आत पडल्याचा आवाज आला. तिनं पुन्हा आत हात घालून चाचपडलं, पण कुठली आपली ते कसं कळणार.

बाहेर येऊन ती भिंतीला धरून ओकली. बायांना वाटलं, सकाळपासून उपाशी आहे. तिला वेगळीच धास्ती होती. एका मतानं ठेवायचं ठरलं तर ते मत आपलं. मचाण पेटलं तर ते आपण पेटवलं.

मोजणी अंगणातच झाली. चटईवर मडकं उपडं केलं, शिंपल्या एका बाजूला, चिंचोके एका बाजूला. गोविंदा मोठ्यानं मोजत होता. चिंचोके एकशे अठ्ठावन्न, शिंपल्या एकशे एकेचाळीस. वळण सोडायचं. मंजुळानं तोंडात पदर कोंबला आणि ती रडली. सुटकेनं रडली, आणि सगळ्या अंगणानं ते बघितलं. राघोनंही बघितलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला खुंट काढायला सुरुवात झाली. गोविंदा बँकेत रजा टाकून कमरेएवढ्या चिखलात उतरला. जुने खांब निघता निघत नव्हते. दोर बांधून आठ-आठ जणांनी ओढावं तेव्हा एक हलायचा. पलीकडच्या काठावर सुरईपाडा उभा होता, बाया-पोरांसकट. इकडचे कोणी तिकडं बघत नव्हते. मंजुळा बांधावर उभी होती, आणि ते तीन तास तिच्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते. तिकडून एक शिट्टी आली असती, इकडून एक दगड गेला असता, तर देवळातला नारळ काय कामाचा होता? शिट्टी आली नाही. दामाजीचा शेवटचा खुंट निघाला तेव्हा तिकडच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं डोक्याचं फडकं काढलं. का काढलं कोण जाणे, ऊन होतं म्हणूनही असेल. मग मचाण मोडून त्याची लाकडं होडीत घातली.

सुरईपाड्यानं शब्द पाळला. दगडूनं कोर्टात सांगितलं की मला कुणी मारलं ते दिसलं नाही. केस संपली. मालूला सरस्वतीनं स्वतः आणून सोडलं आणि तिला ठाण्यात मुलगी झाली. बाळंतपणाला दगडूची आई टोपडं घेऊन आली. बसली, बोलली नाही, बाळाकडं बघितलं आणि गेली. मंजुळाला त्या रात्री झोप आली नाही, पण भ्याली होती तसं काही झालं नाही.

बाकीचं एवढं नीट झालं नाही. खालच्या खाडीत मासळी नव्हतीच. अकरांतली सात घरं दोन वर्षांत खाडी सोडून गेली. दामाजी आंबिवलीकडच्या एका गोदामावर वॉचमन लागला. खुर्चीत बसून त्याचे पाय सुजायचे. तो मंजुळाला कधी काही बोलला नाही. गुणाजी पाटील म्हणाले होते तसं भावाभावांनी विचारलंच, तू काय टाकलंस. दोन घरांत त्यावरून वाटण्या झाल्या. त्या जावांच्या मधल्या दाराची कडी निघाली, पण पाच वर्षांनी.

राघो डोंबिवलीला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. सगळ्या पाड्यासमोर आईनं आपल्याला उघडं पाडलं, हे तो एक वेळ विसरला असता. बापाच्या खुंटाविरुद्ध तिनं मत दिलं, हे त्याला विसरता येईना. गणपतीला यायचा, दामाजीशी बोलायचा, तिनं वाढलेलं जेवून जायचा. त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, तेव्हा बारशाच्या दिवशी तिनं त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मी शिंपली टाकली होती. राघोनं तिच्याकडं बघितलं आणि तो हसला. म्हणाला, आई, आता कशाला? झालं ते झालं. त्याचा विश्वास बसला नाही. ती अंगणात कशी रडली होती ते त्यानं स्वतः बघितलं होतं. तिनंही पुन्हा तो विषय काढला नाही.

पंच्याण्णव सालच्या गणपतीत कल्याणच्या बाजूच्या एका गावाहून चार जण खाजणपाड्याला आले. त्यांचं गाव शहराच्या हद्दीत ठेवायचं की बाहेर काढायचं यावरून तिथं दोन तट पडले होते आणि मत घ्यावं असं काहींचं म्हणणं होतं. ऐकून आले होते की इथं असं मत झालं होतं आणि एका बाईनं आधी शपथ घ्यायला लावली होती. राघो आलेला होता. त्यानंच त्यांना ओटीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, मडकं, शिंपल्या, नारळ. सांगताना त्याचा आवाज चढला होता. बापाच्या हाताशेजारी हात ठेवल्याचं त्यानं असं सांगितलं की जसं काही तो पारावरून धावतच आला होता. मंजुळा आत चहा गाळत होती. सात वर्षं झाली होती, तरी ऐकता ऐकता तिनं तोच चहा दोनदा गाळला.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांच्यातल्या वयस्क माणसानं हात जोडले आणि विचारलं, "बाय, तुमाला काय वाटतं? गावानं मत घ्यावं का पंचांवर सोडावं?"

मंजुळानं ताट खाली ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "पण इथं परत मत घ्यायचं निघालं, तर मी आदल्या दिवशीच माझ्या लेकीकडं सुरईपाड्याला निघून जाईन."

ते चौघं हसले. राघोही हसला. मंजुळानं पदरानं हात पुसले आणि विचारलं, साखर बरोबर आहे का.